इंग्लंडचे पाद्री, मराठीचे विद्यार्थी : फादर थॉमस स्टीफन्स



आमच्या कोसाडच्या शाळेत झालेल्या पालक सभेत एका पालकांनी उभे राहून विचारले, "सर, पोरगा घरात अहिराणी बोलतो, गल्लीत गुजराती बोलतो, टीव्हीवर हिंदी ऐकतो. मग मराठी शिकून त्याचा फायदा काय?" आम्ही त्या वेळी काहीतरी उत्तर दिले. सभा पुढे सरकली. पण ते उत्तर आमचे आम्हालाच पटले नव्हते.

याला कारण आहे. आमचे बालपण बुऱ्हाणपूरला तापीच्या काठी गेले आणि पदवीपर्यंतचे सर्व शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी घरात होती, पण वहीत नव्हती. या शाळेत आल्यावर पहिल्याच महिन्यात आम्ही फळ्यावर सूचना लिहिली. तिच्यात 'छुट्टी' आणि 'समय' असे शब्द होते. सातवीतील एक विद्यार्थिनी कार्यालयाच्या दाराशी आली आणि हळूच म्हणाली, "सर, सुट्टी आणि वेळ असे पाहिजे ना?" आम्ही खडू तिच्याच हातात दिला. त्या दिवसापासून आम्हीही या शाळेचे विद्यार्थी आहोत.

मोठ्या वयात मराठी शिकणारा माणूस काय करू शकतो, याचा शोध घेताना आम्हाला फादर थॉमस स्टीफन्स भेटले. या अंकाचा अभ्यासलेख त्यांच्यावर आहे.

१. जन्म आणि तरुणपण

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ मध्ये इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातील बुश्टन या खेड्यात झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. त्या वेळी युरोपातील ख्रिस्ती समाजात फूट पडली होती. रोमच्या पोपला मानणारे कॅथलिक आणि न मानणारे प्रोटेस्टंट, असे दोन पक्ष झाले होते. १५५८ मध्ये एलिझाबेथ राणी गादीवर आली आणि इंग्लंडमध्ये कॅथलिक उपासनेवर बंदी आली. उघडपणे कॅथलिक राहणे म्हणजे दंड, तुरुंग किंवा त्याहूनही वाईट गोष्टीची तयारी ठेवणे होते. स्टीफन्स यांचे जिवलग मित्र थॉमस पाउंड यांना त्यासाठी कैद झाली.

स्टीफन्स यांच्यापुढे दोन रस्ते होते. श्रद्धा मनात दडवून घरी सुखाने राहायचे, नाहीतर घर सोडायचे. त्यांनी घर सोडले. ते रोमला गेले आणि १५७५ मध्ये जेझुइट या धर्मसंघात दाखल झाले. हा संघ संत इग्नेशियस लोयोला यांनी स्थापन केला होता आणि १५४० मध्ये त्याला पोपची मान्यता मिळाली होती. याच संघाचे संत फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले होते. हिंदुस्थानात जावे ही ओढ स्टीफन्स यांच्या मनात रोमला असतानाच होती.

२. आणखी एक थॉमस

जेझुइट संघाच्या नियमातच असे सांगितले होते की, धर्मशास्त्र शिकवताना संत थॉमस अक्वायनस यांचा मार्ग धरावा. म्हणून या दुसऱ्या थॉमसची थोडी ओळख करून घेऊ.

अक्वायनस यांचा जन्म इटलीत सुमारे १२२५ मध्ये एका सरदार घराण्यात झाला. मुलाने मोठ्या मठाचा अधिकारी व्हावे अशी घरच्यांची इच्छा होती. त्यांनी मात्र भिक्षा मागून राहणाऱ्या डॉमिनिकन संघात जायचे ठरवले. घरच्यांनी त्यांना सुमारे वर्षभर घरात अडकवून ठेवले, तरी त्यांचा निश्चय मोडला नाही. ते अंगाने धिप्पाड आणि अबोल होते, म्हणून सोबतचे विद्यार्थी त्यांना मुका बैल म्हणत. त्यांचे गुरू अल्बर्ट यांनी मात्र त्यांची बुद्धी ओळखली.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल हा ख्रिस्ती नव्हता. मग त्याचा विचार ख्रिस्ती माणसाने वाचावा काय, असा त्या काळी मोठा वाद होता. श्रद्धा आणि बुद्धी या दोन्ही ईश्वराच्याच देणग्या आहेत, म्हणून खरे ज्ञान श्रद्धेच्या आड येऊ शकत नाही, ही अक्वायनस यांची भूमिका होती. त्यांनी ॲरिस्टॉटल वाचला. इब्न सिना आणि इब्न रश्द हे मुसलमान पंडित आणि मायमोनिडीस हा यहुदी पंडित यांचेही विचार त्यांनी अभ्यासले. जे पटले ते घेतले, जे पटले नाही त्याला कारण देऊन उत्तर दिले. समोरच्याचे म्हणणे आधी नीट मांडायचे आणि मगच आपले सांगायचे, ही त्यांची लिहिण्याची पद्धत होती. त्यांचा मुख्य ग्रंथ 'सुम्मा थिओलॉजिआ' अपुरा राहिला. १२७४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १३२३ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले. कॅथलिक शाळा आणि विद्यार्थी त्यांना आपले पालक संत मानतात.

विद्यार्थी मित्रांनो, एक गोष्ट ध्यानात घ्या. अक्वायनस गेले आणि पुढच्याच वर्षी, परंपरेप्रमाणे १२७५ मध्ये, आपले ज्ञानेश्वर महाराज जन्मले. दोघांनाही एकमेकांचे नावसुद्धा माहीत असण्याचा संबंध नाही. पण पुढे तीनशे वर्षांनी एकाच्या मार्गाने शिकलेला माणूस दुसऱ्याच्या ओवीजवळ येऊन पोहोचला.

३. सहा महिन्यांचा समुद्र

४ एप्रिल १५७९ रोजी स्टीफन्स लिस्बनहून निघाले. पाच जहाजांचा ताफा होता. आफ्रिकेला वळसा घालून ते २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्याला पोहोचले. नोव्हेंबरात त्यांनी वडिलांना लांब पत्र लिहिले. त्यात वारा, प्रवाह, मासे, समुद्रपक्षी यांचे बारकाईने वर्णन आहे. ताज्या अन्नावाचून खलाशांच्या हिरड्या सुजत आणि अंग फुगे. दीडशेहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे सत्तावीस दगावले. इतर खेपांच्या मानाने हे नुकसान थोडेच मानले गेले, असेही ते लिहितात! हे पत्र पुढे १५८९ मध्ये लंडनला छापले गेले. हिंदुस्थानात येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून स्टीफन्स यांचे नाव सांगितले जाते.

गोव्यात त्यांना पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. पुढची सुमारे चाळीस वर्षे त्यांनी गोव्याच्या साष्टी भागात, मडगाव, रायतूर आणि आसपासच्या गावांत काढली. इंग्लंडला ते परत गेले नाहीत. १६१९ मध्ये गोव्यातच त्यांचे निधन झाले.

४. कठीण काळ, कठीण प्रश्न

इथे आम्हाला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. एका पालकांनी हा लेख लिहिण्याआधीच आम्हाला विचारले, "पाद्रीवर धडा कशाला?" प्रश्न रास्त आहे आणि उत्तर झाकून ठेवणे बरोबर नाही.

त्या काळी गोव्यात पोर्तुगीज राज्य होते. १५६० मध्ये तेथे इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय सुरू झाले. साष्टीतील देवळे पाडली गेली. हिंदूंच्या सण-विधींवर बंधने आली. मराठी पोथ्या जप्त झाल्या, जाळल्या गेल्या. अनेक कुटुंबे आपले देव घेऊन नदीपलीकडे निघून गेली. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी गावात लोकांच्या रागाचा उद्रेक झाला. रुडॉल्फ अक्वाविवा आणि आणखी चार जेझुइट मारले गेले. त्यांचे मृतदेह परत मिळवण्याच्या कामात स्टीफन्स होते. नंतर पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना बोलणी करायला म्हणून असोळणेच्या किल्ल्यात बोलावले आणि ठार केले. जेझुइटांना पुढे १८९३ मध्ये चर्चने धन्य म्हणून गौरवले. गावप्रमुखांना आजही कुंकळ्ळीचे लोक मानाने आठवतात. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत आणि दोन्ही आपण वाचल्या पाहिजेत.

स्टीफन्स या राज्याच्या छत्राखालीच काम करीत होते. ख्रिस्ती धर्म हाच खरा धर्म आहे यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता आणि लोकांनी तो घ्यावा यासाठीच ते आले होते. त्यांच्या लेखनात मूर्तिपूजेवर टीकाही आहे. हे सर्व मान्य करून मगच पुढची गोष्ट पाहावी. ज्या माणसाला स्वतःच्या देशात श्रद्धेसाठी घर सोडावे लागले, तोच माणूस दुसऱ्या देशात अशा राज्यात काम करतो की जेथे इतरांना श्रद्धेसाठी घर सोडावे लागते. ही विसंगती त्यांना टोचली असेल काय? वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी यावर जरूर विचार करावा.

५. कान देणारा माणूस

पण स्टीफन्स यांनी एक गोष्ट अशी केली की जी सत्ता करीत नाही. त्यांनी कान दिला. साष्टीतील लोकांची घरची बोली कोकणी होती आणि पोथीची भाषा मराठी होती. स्टीफन्स दोन्ही शिकले. १५८३ मध्ये पॅरिसमध्ये राहणाऱ्या आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात की, येथील भाषा पुष्कळ आहेत, उच्चार कानाला बरे वाटतात आणि रचना ग्रीक व लॅटिनसारखी आहे. सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या नात्याविषयी प्रसिद्ध भाषण केले ते १७८६ मध्ये. म्हणजे साष्टीतल्या या शिक्षकाने ते साम्य दोनशे वर्षे आधी टिपले होते.

त्यांनी कोकणीचे व्याकरण पोर्तुगीज भाषेत लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. कोकणीचे हे पहिले छापील व्याकरण. लहानांना शिकवण्यासाठी त्यांनी कोकणीत प्रश्नोत्तरांचे पुस्तकही लिहिले. ते १६२२ मध्ये निघाले.

६. ख्रिस्तपुराण

त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे 'ख्रिस्तपुराण'. तो १६१६ मध्ये रायतूर येथे छापला गेला. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीच्या आरंभापासूनची कथा ३६ प्रसंगांत आणि दुसऱ्या पुराणात येशूचे चरित्र ५९ प्रसंगांत येते. प्रसंगाला त्यांनी 'अवस्वरू' हा शब्द योजला आहे.

हा ग्रंथ का लिहिला, याचे कारण ग्रंथाच्या सुरुवातीलाच येते. धर्मशिक्षण चालू असताना नव्याने ख्रिस्ती झालेला एक माणूस पाद्रींना विचारतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, तुम्ही आमची जुनी पुराणे बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्ही वाचायचे काय? आम्हाला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. माणसाला गोष्ट लागते, तीही आपल्या भाषेत आणि आपल्या चालीत. कोरडी शिकवण त्याला पुरत नाही. स्टीफन्स यांना हे कळले.

म्हणून त्यांनी ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी घेतली. एकनाथ महाराज १५९९ पर्यंत हयात होते, म्हणजे ते स्टीफन्स यांचे समकालीनच. स्वर्गासाठी त्यांनी 'वैकुंठ' हा आपल्या ओळखीचा शब्द वापरला. ग्रंथाची भाषा मराठी ठेवली, पण साध्या माणसाला समजावे म्हणून तिच्यात कोकणी बोलीचे सोपे शब्द मिसळले. मराठीची थोरवी सांगताना त्यांनी तिला खड्यांमधल्या रत्नाची, फुलांमधल्या मोगऱ्याची, सुगंधांमधल्या कस्तुरीची उपमा दिली. तो भाग तुमच्यापैकी अनेकांनी मराठी दिनाच्या कार्यक्रमात ऐकला असेल. तो लिहिणाऱ्याची मातृभाषा इंग्रजी होती, हे मात्र आपण विसरतो.

ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला. देवनागरीचे खिळे गोव्यात नव्हते. १६०८ मध्ये स्टीफन्स यांनी रोमला आपल्या संघप्रमुखांना पत्र लिहून येथील लिपीत छपाई व्हावी अशी विनंती केली होती. अडचण अशी की रोमन लिपीला चोवीस साचे पुरत, येथल्या लिपीला सुमारे सहाशे लागत. ती विनंती त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही.

७. ग्रंथ कोणी जपला?

आता ज्या भागासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला, तो भाग.

१६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला की लोकांनी स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ख्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकात निघालेल्या छापील प्रतींपैकी आज एकही मिळत नाही. मग ग्रंथ उरला कसा? गोव्यातून अनेक ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेला मंगळूरकडे गेली होती. तेथे कानडी आणि तुळू भाषा चालत. पण या कुटुंबांनी ख्रिस्तपुराण हाताने उतरवून घेतले आणि घरांत, देवळांत पिढ्यान्‌पिढ्या गायले. त्या हस्तलिखितांवरून जोसेफ सलढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून ग्रंथ पुन्हा छापला. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली. पहिल्या छपाईनंतर ३४० वर्षांनी ग्रंथ आपल्या लिपीत छापला गेला.

म्हणजे पाहा, मराठीचा हा ठेवा मुलूख सोडून पोटापाण्यासाठी दूर गेलेल्या माणसांनी राखला. ते पंडित नव्हते. संध्याकाळी घरात गाणारी माणसे होती.

८. सुरतेशी नाते

विद्यार्थ्यांनो, आपल्या सुरतेचाही या कथेशी धागा आहे. १५८३ च्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे साथीदार हे इंग्रज व्यापारी गोव्यात हेर समजून तुरुंगात टाकले गेले. त्यांच्या सुटकेसाठी स्टीफन्स यांनी खटपट केली आणि ते जामिनावर सुटले. ते प्रोटेस्टंट देशाचे, हे कॅथलिक पाद्री. तरी संकटात माणूस माणसाच्या उपयोगी पडला. फिच यांनी पुढे लंडनला जाऊन हिंदुस्थानची माहिती दिली. १६०८ मध्ये विल्यम हॉकिन्स याचे जहाज तापीच्या मुखाशी आले. १६१२ मध्ये सुवालीजवळ इंग्रज आणि पोर्तुगीज यांची लढाई झाली आणि सुरतेत इंग्रजांची वखार उभी राहिली. त्या वखारीचा हिशेब नफा-तोट्याचा होता. त्याच सुमारास गोव्यात एक इंग्रज ओव्या जुळवीत बसला होता.

९. त्या पालकांना उत्तर

आता सभेतील प्रश्नाकडे येऊ. मराठी शिकून फायदा काय? नोकरीच्या हिशेबाने आम्ही उत्तर देणार नाही. सुरतेत गुजराती आलीच पाहिजे, हिंदी आणि इंग्रजीही आली पाहिजे. आमची मुले चार भाषा सांभाळतात, हे ओझे नसून श्रीमंती आहे.

पण आमच्या आधीच्या पिढ्या धुळे, जळगाव, नंदुरबारहून तापी लाइनच्या गाडीने येथे आल्या. मागावर, डाइंग मिलमध्ये त्यांनी दिवस-रात्र पाळ्या केल्या. येताना त्यांनी ट्रंकेत फार काही आणले नाही. अभंग, ओव्या, आजीच्या म्हणी एवढेच आणले. ते मुलांपर्यंत पोहोचवायचे की नाही, हे सरकार ठरवू शकत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला, याचा आम्हाला आनंद आहे. पण कोसाडच्या घरात मराठी राहते की जाते, हे कोसाडच्या घरातच ठरणार.

अहिराणी बोलतो म्हणून कोणत्याही मुलाला हसू नका. "तू काय करी राहिना" म्हणणारे मूल चूक बोलत नाही, ते आपल्या आजीची भाषा बोलते. स्टीफन्स यांनी घरची बोली आणि पोथीची भाषा दोन्ही मानाने शिकल्या आणि एकमेकींत मिसळल्या. आम्हीही तेच करावे. शिक्षक बंधू-भगिनींना आमची हीच विनंती आहे.

आणि चुकायला घाबरू नका. परदेशी माणूस तिशीत मराठी शिकायला बसला तेव्हा त्याचेही शब्द चुकले असतील, कोणीतरी ते सुधारले असतील. आम्हाला सातवीतल्या मुलीने सुधारले. सुधारणारा लहान असला तरी तो गुरूच.

शब्दार्थ

ओवी – मराठीतील जुना छंद, चार चरणांची रचना
अवस्वरू – प्रसंग, अध्याय
धर्मशास्त्र – ईश्वर आणि श्रद्धा यांचा पद्धतशीर अभ्यास
खिळे – छपाईसाठी लागणारी धातूची अक्षरे
वखार – व्यापारी माल ठेवण्याची व व्यवहाराची जागा

स्वाध्याय

१. थॉमस स्टीफन्स यांनी इंग्लंड का सोडले? चार-पाच वाक्यांत लिहा.
२. श्रद्धा आणि बुद्धी यांविषयी संत थॉमस अक्वायनस यांचे मत काय होते?
३. १५७९, १५८३, १६१६, १९०७ आणि १९५६ या सालांपुढे घटना लिहा.
४. ख्रिस्तपुराण रोमन लिपीत का छापावे लागले?
५. (इयत्ता आठवी व पुढे) कुंकळ्ळीची घटना गावकऱ्यांच्या बाजूने आणि पाद्रींच्या बाजूने, अशी दोन परिच्छेदांत लिहा. दोन्ही बाजू आधी नीट मांडा, मत शेवटी द्या.

उपक्रम

आजी, आजोबा किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांजवळ बसा. त्यांना येणारी एक ओवी, म्हण किंवा गाणे त्यांच्याच बोलीत, जसेच्या तसे वहीत उतरवून घ्या. खाली त्यांचे मूळ गाव लिहा. पालकांनीही मुलांसोबत बसावे. या वह्यांतील निवडक लेखन पुढील अंकात देऊ. आमची वही आम्ही सुरू केली आहे. पहिल्या पानावर आमच्या आईची बुऱ्हाणपूरकडची एक म्हण आहे, आणि तिचे शुद्धलेखन आम्ही सातवीच्या वर्गाकडून तपासून घेणार आहोत.